अडलेले आटे : जुन्या सायकलचे बॉटम ब्रॅकेट सोडविण्यामागील विज्ञान

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम व नॉटिंगहॅम ही नगरे एके काळी साऱ्या जगाला सायकली पुरवीत असत. १९६० ते १९८० या काळात तेथे तयार झालेल्या हलक्या पोलादी रोड सायकली आजही अनेक देशांत जपून ठेवलेल्या आढळतात. पातळ नळ्यांचा सांगाडा, पितळेने किंवा चांदीमिश्रित धातूने झाळलेले सांधे आणि कारागिराने हाताने घासून सफाईदार केलेल्या कडा यांमुळे त्या सहज ओळखू येतात. अशी एखादी सायकल वीसतीस वर्षे अडगळीत पडून राहिली आणि पुढे कोणी ती पुन्हा रस्त्यावर आणावयाचे ठरविले, तर बहुतेक कामे बिनबोभाट पार पडतात. टायर व ब्रेकचे रबर बदलता येते, साखळी नवी घालता येते, आरे ताणून चाक सरळ करता येते. पण एका ठिकाणी काम हमखास अडते. पायडलचे दोन्ही क्रँक ज्या आसाला जोडलेले असतात, तो आस धरून ठेवणारी बॉटम ब्रॅकेटची वाटी आपल्या घरात घट्ट रुतून बसलेली असते. पाना लावावा, जोर करावा, पाना निसटून बोटांची सालपटे निघावीत आणि वाटी मात्र केसभरही हलू नये, असा अनुभव वारंवार येतो.

येथे केवळ एका लहानशा भागाचा प्रश्न नसतो. वाटी बिघडली तर नवी मिळते. आस व छर्रेही मिळतात. परंतु ती वाटी ज्या घरात बसलेली असते, ते घर सांगाड्याचाच अविभाज्य भाग होय. त्याच्या आतील आटे फाटले किंवा त्याला तडा गेला, तर सारा सांगाडाच निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून वाटी सोडविणाऱ्याच्या हाती त्या क्षणी एका वाटीचे नव्हे, तर संपूर्ण सायकलचे भवितव्य असते. हे काम अंगबळाने क्वचितच साधते. ते साधण्यासाठी वाटी का अडली, ती कोणत्या दिशेने सुटते आणि तिला धरावे कसे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावी लागतात. आणि ही उत्तरे पदार्थविज्ञानाच्या व रसायनशास्त्राच्या शालेय पाठांतच सापडतात.

घर, वाट्या आणि आस

१८८५ साली कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सायकल लोकांपुढे आणली. तत्पूर्वीच्या उंच सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असत. रोव्हरमध्ये ते दोन चाकांच्या मध्ये, सांगाड्याच्या तळाशी आले आणि तेथून साखळीने मागचे चाक फिरू लागले. त्या मांडणीमुळे सांगाड्याच्या तळाशी एक भक्कम घर आवश्यक झाले. बसकेखालची उभी नळी, पुढून खाली येणारी तिरपी नळी आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन आडव्या नळ्या ज्या आखूड, आडव्या नळकांड्यात येऊन मिळतात, तेच हे घर.

या घराला दोन्ही बाजूंनी आतून आटे पाडलेले असतात. त्यांत दोन पोलादी वाट्या बसवितात. कारागीर त्यांना ‘कप’ म्हणतात. प्रत्येक वाटीत बहुधा पाव इंच व्यासाचे अकरा छर्रे ग्रीसमध्ये रचलेले असतात आणि त्यांच्यावर आस फिरतो. उजवीकडची, म्हणजे साखळीकडची वाटी पूर्ण घट्ट आवळून कायमची बसवितात, म्हणून तिला स्थिर वाटी म्हणतात. डावीकडची वाटी पुढेमागे सरकवून छर्ऱ्यांवरील दाब जुळविता येतो. तो जुळला की बाहेरून एक चपटे कडे आवळून ती पक्की करतात.

अडण्याचा मान जवळजवळ नेहमी उजव्या वाटीचा असतो. डावी वाटी देखभालीच्या निमित्ताने अधूनमधून उघडली जाते, तिला ताजे ग्रीस मिळते. उजवी मात्र कारखान्यात बसविली गेल्यापासून कोणी हलविलेलीच नसते. त्यातच तिच्या बाहेरच्या कडेवर पाना धरण्यासाठी ठेवलेल्या सपाट बाजू केवळ काही मिलिमीटर जाडीच्या असतात. म्हणजे जिथे सर्वांत जास्त जोर हवा, तिथेच पाना धरावयास सर्वांत कमी जागा.

आटे इतके घट्ट का धरतात ?

आटे म्हणजे गोल दांड्याभोवती गुंडाळलेला एक उतार होय. डोंगरावर सरळ चढण्याऐवजी वळणावळणाच्या घाटाने चढले म्हणजे चढ सौम्य होतो, तसेच हे आहे. इंग्रजी पद्धतीच्या वाटीचा व्यास १.३७ इंच, म्हणजे सुमारे ३४.८ मिलिमीटर असतो आणि एका इंचात २४ आटे असतात. वाटीचा एक पूर्ण फेरा झाला म्हणजे तिच्या कडेवरील बिंदू सुमारे १०९ मिलिमीटर प्रवास करतो. परंतु वाटी आतबाहेर सरकते ती अवघी १.०६ मिलिमीटर. हा चढ इतका सौम्य आहे, की वाटीला आतून कितीही ढकलले तरी ती आपण होऊन फिरत बाहेर येणार नाही. आट्यांच्या पृष्ठभागांतील घर्षण तिला रोखून धरते. वाटी जागेवर राहण्याचे श्रेय या घर्षणालाच आहे.

मात्र ज्या गुणामुळे वाटी पक्की राहते, तोच गुण काही वर्षांनी संकट बनतो. आट्यांच्या उतारांचे एकूण क्षेत्रफळ बाहेरून दिसते त्याहून पुष्कळच अधिक असते, आणि या साऱ्या क्षेत्रावर गंज चढला म्हणजे पकड अनेक पटींनी वाढते.

गंजाची पाचर

सांगाडा वरून बंद दिसला तरी त्यात पाणी शिरण्याच्या वाटा अनेक असतात. बसकेच्या दांड्याभोवतीच्या फटीतून पावसाचे पाणी झिरपते. रात्री गारवा वाढला की नळ्यांतील हवेतील बाष्प थंड पोलादावर दवासारखे जमते. हे सारे पाणी उताराने वाहत सर्वांत खालच्या जागी येते, आणि सांगाड्याची सर्वांत खालची जागा म्हणजे हेच घर. अनेक सांगाड्यांत घराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्र ठेवलेले असते. पण ते चिखलाने बुजले, की घराचे लहानसे टाके होते.

पाणी व प्राणवायू यांच्या संयोगाने लोखंडाचा गंज होतो, हे सर्वज्ञात आहे. त्याचा एक गुण मात्र सहसा ध्यानात घेतला जात नाही. जितक्या लोखंडाचा गंज होतो, त्याच्या दुपटीहूनही अधिक जागा तो गंज व्यापतो. मोकळ्या पत्र्यावर हा गंज फुगून पोपडे धरतो. आट्यांच्या फटीत फुगावयास जागाच नसते; तेव्हा तो दोन्ही बाजूंच्या पोलादावर दाब देऊ लागतो आणि पाचर ठोकावी तसा वाटीला घरात आवळून टाकतो.

वाटी ॲल्युमिनियमची आणि घर पोलादाचे असले, म्हणजे आणखी एक प्रक्रिया सुरू होते. दोन भिन्न धातू क्षारयुक्त पाण्याने जोडले गेले की विद्युत् घट तयार होतो. इटलीतील लुइजी गॅल्व्हानी याने बेडकाच्या पायांवरील आपले प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले आणि १८०० मध्ये आलेस्सांद्रो व्होल्टा याने धातूंच्या चकत्यांची रास रचून पहिली विद्युत् घटमाला सिद्ध केली. त्या घटमालेत जे घडते, तेच लहान प्रमाणात ओल्या आट्यांत घडते. दोहोंपैकी अधिक क्रियाशील असलेले ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी, भुकटीसारखी संयुगे फटीत ठासून भरतात. घामातील वा समुद्रकाठच्या हवेतील मीठ पाण्यात मिसळले की ते विजेला अधिक सुलभ वाट करून देते आणि झीज वाढते. मुंबई, चेन्नई यांसारख्या किनाऱ्यावरील शहरांत वापरलेल्या सायकलींचे आटे म्हणूनच अधिक काळजी मागतात.

सुलटे की उलटे ?

पाना उचलण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळालेच पाहिजे : वाटी कोणत्या दिशेने सुटते ? रोजच्या वापरातील बहुतेक सर्व पेच प्रदक्षिणेच्या, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळतात आणि उलट दिशेने सुटतात. हे सुलटे आटे. इंग्रजी पद्धतीच्या सायकलीत डावी वाटी सुलट्या आट्यांची, परंतु उजवी वाटी उलट्या आट्यांची असते. उजव्या वाटीकडे समोरून पाहिले, तर ती प्रदक्षिणेच्या दिशेने सुटते. ज्याला हे ठाऊक नाही, तो सवयीप्रमाणे विरुद्ध दिशेने जोर करतो आणि आधीच अडलेली वाटी अधिकाधिक आवळीत जातो. कितीतरी वाट्या गंजाने कमी आणि या गैरसमजाने अधिक अडलेल्या असतात !

उलटे आटे ही कोणा कारागिराची लहर नव्हे. आस फिरू लागला की भार सोसणारे छर्रे एकामागून एक त्याच दिशेने पुढे जातात आणि प्रत्येक छर्रा आपल्या खालील वाटीला घराच्या भिंतीवर दाबतो. अशा रीतीने दाबाची जागा आसाबरोबर पुढे पुढे सरकते. वाटी आणि घर यांच्यात किंचितही ढिलाई असेल, तर वाटी त्या भिंतीवर जणू गडगडत जाते, आणि गडगडताना ती दाबाच्या विरुद्ध दिशेने स्वतःभोवती फिरते.

हे चमत्कारिक वाटले, तरी विद्यार्थ्यांना घरी सहज पडताळून पाहता येईल. सुमारे १०० मिलिमीटर व्यासाचे एक झाकण उताणे ठेवावे आणि त्यात ९६ मिलिमीटर व्यासाचे दुसरे झाकण ठेवावे. दोहोंवर एकेक खूण करून त्या समोरासमोर आणाव्यात. मग आतील झाकण बोटाने मोठ्याच्या कडेला टेकवून ही टेकण्याची जागा प्रदक्षिणेच्या दिशेने हळूहळू फिरवीत न्यावी. मात्र झाकण घसरू न देता कडेवरून गडगडू द्यावे. एक फेरी पूर्ण झाली म्हणजे आतील झाकणावरील खूण मूळ जागी न येता उलट दिशेने सुमारे १५ अंश मागे गेलेली दिसेल. दोन परिघांतील फरकाचा हा हिशेब आहे. वाटी व घर यांच्यातील फरक मिलिमीटरचा लहानसा अंशच असतो. परंतु एका लांबच्या प्रवासात आसाचे हजारो फेरे होतात, आणि थेंबे थेंबे तळे साचते.

सायकलस्वार पुढे जाताना आस पुढच्या दिशेने फिरतो. म्हणून वाट्यांचा कल मागच्या दिशेने फिरण्याचा असतो. इंग्रजी पद्धतीत दोन्ही वाट्यांचे आटे असे ठेवले आहेत, की मागच्या दिशेने फिरल्यास त्या आवळल्या जाव्यात. यावरून सोडविण्याचाही एक सोपा नियम हाती येतो : सायकल पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने इंग्रजी पद्धतीच्या दोन्ही वाट्या सुटतात. सांगाडा उलटा ठेवला, आडवा निजविला, तरी हा नियम चुकू देत नाही.

सर्व देशांनी मात्र एकच पद्धत स्वीकारली नाही. पेचांच्या आट्यांना सर्वत्र एकच माप असावे, असा आग्रह जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्येच धरला होता. तरी सायकलींच्या बाबतीत प्रत्येक देशाने आपापला संसार निराळा मांडला. इटालियन वाटीचा व्यास ३६ मिलिमीटर असून तिच्या दोन्ही बाजूंचे आटे सुलटे असतात. घराची रुंदी ७० मिलिमीटर असते. जुन्या फ्रेंच सायकलीत व्यास ३५ मिलिमीटर, दोन आट्यांतील अंतर १ मिलिमीटर आणि दोन्ही बाजू सुलट्या. स्विस पद्धतीत मापे फ्रेंचांचीच, परंतु उजवी बाजू इंग्रजांप्रमाणे उलटी. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने तर आपल्या अनेक सायकलींत इंचाला २६ आटे ठेवले होते. म्हणून प्रथम घराची रुंदी मोजावी, वाटीच्या दर्शनी भागावर कोरलेली अक्षरे व आकडे घासून वाचावेत आणि सांगाडा कोणत्या देशाचा आहे याचा शोध घ्यावा. इंग्रजी घराची रुंदी बहुधा ६८ मिलिमीटर असते. फ्रेंच घरही तितकेच असल्याने केवळ रुंदीवर विसंबून चालत नाही. पाच मिनिटांची ही चौकशी पाच तासांचे श्रम वाचविते.

तेल आणि वेळ

दिशा कळली म्हणजे प्रथम क्रँक उतरवून डावीकडचे कडे, डावी वाटी, आस व छर्रे काढून घ्यावेत. आता घराची आतली बाजू मोकळी होते आणि उजव्या वाटीच्या पाठीमागे हात पोहोचतो. ही सोय फार मोलाची आहे. कारण बाहेरून तेल सोडले, तर ते वाटीच्या कडेपाशीच थांबते, उलट आतून ते थेट आट्यांच्या तोंडाशी जाते.

सांगाडा उजव्या कुशीवर निजवून वाटीच्या पाठीमागे गंज सोडविणारे पातळ तेल घालावे. दिव्याच्या वातीतून तेल वर चढते, त्याच केशाकर्षणाने ते आट्यांच्या फटीत शिरते. फट जितकी अरुंद, तितके हे आकर्षण प्रबळ. पण तेल दाट असेल, तर त्याची चाल मंदावते. म्हणून यंत्राचे जाड तेल येथे उपयोगी पडत नाही. गावोगावचे कारागीर गंजलेल्या पेचावर रॉकेल सोडतात, त्यामागील तत्त्व हेच.

या उपायात खरे औषध तेल नसून वेळ आहे. तेल घालून लगेच पाना लावणाऱ्याची निराशाच होते. दोनतीन दिवस, दररोज थोडे ताजे तेल घालून आणि घराच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोके देऊन वाट पाहावी. ठोक्यांच्या कंपनाने गंजाच्या थरात बारीक चिरा पडतात आणि तेलाला पुढची वाट मिळते.

जोर कसा लावावा ?

जोराचे मोजमाप दोन गोष्टींवर अवलंबून असते : बल किती, आणि ते फिरण्याच्या केंद्रापासून किती अंतरावर लावले. या दोहोंच्या गुणाकाराला परिबल म्हणतात. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलोग्रॅम वजनाइतका भार दिला, तर परिबल १२० न्यूटन-मीटर होते. पान्याला लोखंडी नळी जोडून तेच बल दीड मीटरवर लावले, तर परिबल ६०० न्यूटन-मीटर, म्हणजे पाचपट होते. तरफेची लांबी वाढविली की माणसाचे बळ न वाढताही काम साधते.

तथापि येथे अडचण परिबलाची नसून पकडीची असते. लांब दांड्यावर जोर देताच पाना वाटीच्या अरुंद सपाट बाजूंवरून निसटतो, त्या बाजू गोलसर होतात आणि पुढचा प्रयत्न आणखी कठीण होतो. म्हणून जोर वाढविण्यापूर्वी पाना वाटीवर जखडून टाकला पाहिजे.

यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात काम करणारे प्रसिद्ध सायकल-कारागीर शेल्डन ब्राऊन (१९४४–२००८) यांनी लोकांपुढे ठेवलेली युक्ती अत्यंत साधी आहे. वाटीच्या मधोमध आस बाहेर येण्यासाठी एक छिद्र असते. त्यातून सुमारे १६ मिलिमीटर जाडीचा बोल्ट बाहेरून आत घालावा. बोल्टच्या डोक्याखाली एक जाड वॉशर घालावा आणि आतील टोकावर दुसरा वॉशर चढवून नट लावावा. आतील नट डाव्या बाजूने एका पान्याने धरून बाहेरील डोके प्रदक्षिणेच्या दिशेने आवळावे. बोल्ट, दोन वॉशर, नट व वाटी ही सारी एकजीव होतात. आता बोल्ट त्याच दिशेने आणखी आवळीत गेले असता त्याची पकड वाढत जाते; आणि उजव्या इंग्रजी वाटीची सुटण्याची दिशाही प्रदक्षिणेचीच असल्यामुळे एका क्षणी बोल्ट अधिक आवळला जाण्याऐवजी वाटीच फिरू लागते. म्हणजे साधन आवळले जाते आणि वाटी सुटते. ज्या उलट्या आट्यांनी माणसाला चकविले, तेच येथे त्याच्या मदतीला येतात. इटालियन वा फ्रेंच वाटीला मात्र ही युक्ती याच रूपात लागू पडत नाही. तेथे सोडविण्याच्या दिशेने फिरविताच बोल्ट सैल होऊ लागतो.

दुसरी युक्ती याहूनही सरळ आहे. पाना वाटीकडे नेण्याऐवजी वाटीच पान्याकडे न्यावयाची. टेबलावर पक्का बसविलेला मोठा शेगडा, म्हणजे व्हाइस, घेऊन त्याच्या जबड्यांत वाटीच्या सपाट बाजू घट्ट धराव्यात. सांगाडा उजवी कूस खाली करून शेगड्यावर आडवा राहतो. मग एक हात पुढील टोकावर व दुसरा मागील टोकावर ठेवून सारा सांगाडाच फिरवावा. येथे वाटी स्थिर असते आणि घर तिच्यावरून सुटते. इंग्रजी पद्धतीत उजव्या वाटीसाठी, वरून पाहिले असता, सांगाडा प्रदक्षिणेच्या दिशेने फिरवावा लागतो. एक हात केंद्रापासून साधारण ६० सेंटिमीटरवर व दुसरा ४० सेंटिमीटरवर असला आणि प्रत्येकाने ३०० न्यूटन बल लावले, तर एकूण परिबल ३०० न्यूटन-मीटर होते. दोन हात परस्परविरुद्ध दिशांनी काम करीत असल्यामुळे वाटीला एका बाजूला ढकलणारे बल फारसे उरत नाही, ती निव्वळ फिरते आणि जबड्यांतून निसटत नाही. मात्र झटके न देता जोर सावकाश वाढवीत न्यावा. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ मध्ये आणलेल्या ‘५३१’ या मिश्र पोलादाच्या नळ्या बळकट खऱ्या, पण त्यांची जाडी मिलिमीटरच्या आसपास वा त्याहूनही कमी असते.

उष्णता आणि करवत

एवढ्याने काम न झाल्यास उष्णतेचा विचार करावा. पोलादाचे तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढले, तर ३४.८ मिलिमीटर व्यासाचे घर सुमारे ०.०४ मिलिमीटरने मोठे होते. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु गंजाच्या ठिसूळ थराला भेग पडावयास तेवढा पुरतो. तापवावयाचे ते घर, वाटी नव्हे. दोन्ही सारखीच तापली तर दोन्ही सारखीच फुगतील आणि लाभ काही होणार नाही. ॲल्युमिनियमची वाटी असेल तर अधिक सावध राहावे. ॲल्युमिनियमचे प्रसरण पोलादाच्या जवळजवळ दुप्पट असते; त्यामुळे दोन्ही तापली की वाटी उलट अधिक आवळते, आणि थंड झाल्यावरच सैल होण्याची आशा असते. तेथे तापवून, पूर्ण निवू देऊन मग जोर लावावा.

उष्णतेला तीन मर्यादा आहेत. पहिली व सर्वांत महत्त्वाची ही, की आधी सोडलेले तेल ज्वालाग्राही असते. ते पूर्णपणे पुसून काढल्याखेरीज उष्णता देऊ नये, आणि ज्योतीऐवजी गरम हवेचे यंत्र वापरावे. दुसरी, सांगाड्याचा रंग थोड्या उष्णतेनेही करपतो. तिसरी, चांदीमिश्रित झाळण सुमारे ६०० ते ७०० अंशांवर वितळते. पोलाद लाल होईपर्यंत तापविणारा मनुष्य सांधाच उघडण्याच्या वाटेवर असतो. शाळकरी मुलांनी हा प्रयोग जाणत्या कारागिराच्या देखरेखीशिवाय मुळीच करू नये.

अगदी शेवटचा उपाय करवतीचा. वाटीच्या आतून, करवतीचे सुटे पाते हाती धरून, समोरासमोर दोन खाचा पाडीत जावे आणि घराचे आटे दिसण्यापूर्वी थांबावे. मग छिन्नीच्या हलक्या ठोक्याने वाटीचा तुकडा आतल्या बाजूला मोडतो, आणि गोलाई तुटताच साऱ्या वाटीची पकड ढिली पडते. पोलादी वाटी कठीण असल्याने हे काम वेळखाऊ आहे. ॲल्युमिनियमची असेल तर ते सुकर होते. येथे वाटीचा बळी देऊन घर वाचविले जाते, आणि तो सौदा नेहमीच लाभाचा असतो.

पुढच्या हातांसाठी

वाटी निघाली म्हणजे काम संपले असे नाही. घरातील गंज तारेच्या ब्रशाने व रॉकेलने साफ करावा, तळाचे छिद्र मोकळे करावे आणि नवी वाटी प्रथम केवळ बोटांनी फिरवून पाहावी. ती दोनतीन फेरे सहज आत गेली, तर आटे शाबूत आहेत असे समजावे. अडखळली तर बळ न लावता आटे पुन्हा साफ करून घ्यावेत. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या आट्यांवर भरपूर ग्रीस लावून मगच वाटी आवळावी.

ग्रीसमुळे वाटी फिरविणे सुलभ होते, हा त्याचा लहान लाभ. मोठा लाभ असा, की ते आट्यांची फट भरून टाकते. मग तेथे पाण्याला जागा उरत नाही, प्राणवायू पोहोचत नाही आणि दोन धातूंमधील विद्युत् घटही पूर्ण होत नाही. ज्या फटीत गंजाने पाचर ठोकावयाची, तीच आधी व्यापलेली असते.

अडलेल्या प्रत्येक वाटीमागे बहुधा एक कोरडी वाटी असते. कारखान्यात वा दुकानात कोणी तरी घाईने ती ग्रीसविना आवळलेली असते, आणि त्या दोन मिनिटांच्या घाईचे मोल तीसचाळीस वर्षांनी दुसराच कोणी तीन दिवसांच्या श्रमाने फेडतो. सायकल बांधणारा आणि ती उघडणारा यांची भेट कधीच होत नाही. त्यांच्यामध्ये बोलते ते केवळ आट्यांतील ग्रीस. म्हणून आज वाटी बसविणाऱ्याने पुढे कधी तरी ती उघडणाऱ्या अनोळखी हातांचे स्मरण ठेवावे आणि बोटभर ग्रीस अधिक लावावे.